कलम एकोणनव्वद

येरवड्याच्या खिडकीत पेन दोऱ्याला बांधलेलं.
दोरा आखूड; सही करताना वाकावंच लागतं.

नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणजे मी.
दोन वर्षांमागे, बरी असताना,
उल्काताईनंच माझं नाव घातलं होतं,
खारीचा चुरा झटकत:
"तू रडत बसणार नाहीस म्हणून."
आणि खाली, वळणदार अक्षरात:
मला न्यायची वेळ आली तर
केस कापू देऊ नका, चष्मा काढून घेऊ नका.

दोन डॉक्टरांनी वेगवेगळं तपासलं.
कारकून म्हणाला, "तीस दिवस. पुढं नवे कागद."

ताई दाराशी, दोन आयांच्या मध्ये,
सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडे बघून:
"पिंगळेतला ळ नीट काढलास?
तुझा नेहमी उलटा पडतो."

उलटाच पडला होता.
खिडकीवर पाटी: खाडाखोड चालणार नाही.