दोन गोण्या

कोपरखैरण्यात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
मी दहावी-अकरावीचं केमिस्ट्री शिकवते.
फळ्यावर थोडं पीठ, थोडा खडू,
कुठलं कोणतं, मलाही सांगता येत नाही.

रुचिता मढवी पाण्यात चुकते.
ऑक्सिजन एक कमी पडला
की पाण्याच्या शेपटाला दोनाचा आकडा डकवते.
"झालं समान, मॅडम."
झालं खरं. पण ते पाणी राहिलं नाही, बाई.
जखमेवर ओत, फेस येईल;
पिऊन बघू नकोस.
कुणाच्या आत हात घालायचा नाही.
कितीजणांनी यायचं, तेवढं आपण ठरवायचं.
आकडा पुढे लिहायचा, बाहेर,
चपला काढतो तिथे.

मग तिला तिच्या घरचंच गणित घातलं:
वडील पावण्याला सांडपाण्याच्या प्लांटवर.
टाकीत अठ्ठ्याण्णव किलो सल्फ्युरिक,
मारायला चुना किती?
तिनं समीकरण मांडलं. या वेळी पाण्यापुढे दोन, बरोब्बर जागेवर.
उत्तर चौऱ्याहत्तर. खाली दोन रेघा.

दुसऱ्या दिवशी वहीत, रेघांच्याही खाली,
निळ्या बॉलपेननं, शिफ्टच्या रजिस्टरात लिहितात तसं:
'दोन गोण्या. चाळीस-चाळीस. का. मढवी.'

सहा किलो जास्त.
मी त्यावर लाल गोल केला.
केला, ते इथं सांगायला हवं.

रविवारी रात्रपाळी उतरून ते स्वतःच आले,
डब्याच्या पिशवीत मूठभर चुना, पेपरात बांधलेला.
"गिलास हाय का?"
माझ्याकडचं पातळ आम्ल होतं, ते ओतलं.
चुना गेला. तळाशी राहिली
वाळू, दोन काळे खडे, गोणीचा एक धागा.
"पुस्तकातला चुना कंच्या दुकानान मिलतो, म्याडम?
आनून द्या. चौऱ्याहत्तरच टाकीन."

रुचिता हसली नाही. तिनं भागाकार केला:
ऐंशीतले सहा. साडेसात टक्के.
कंपनी इतकी वाळू चुन्याच्या भावात घेते,
आणि हे ती न मोजता
वीस वर्षं बरोबर टाकत आलेत,
कागद लावून, रंग बघून.

मला राहवलं नाही. विचारलं,
समीकरणात शेवटी पाण्याचे दोन रेणू सुटतात,
ते तुमच्याकडे कुठे जातात?
ते म्हणाले, सगळं नाही सुटत.
जिप्समच्या गाळात धरून बसतं.
वरून कोरडा दिसतो,
ट्रक भरताना खांद्याला कळतं.

हे मला माहीत होतं.
जिप्समच्या सूत्रात एक टिंब असतं,
टिंबापुढे दोन पाणी.
पंधरा वर्षं ते टिंब मी फळ्यावर देते आहे,
वजन कधी उचललं नव्हतं.

लाल शाई पुसली जात नाही.
गोलाच्या शेजारी मी सही केली, 'बरोबर' लिहिलं.
ते जिन्यातून उतरेपर्यंत
रुचितानं पुढचं समीकरण घेतलं होतं
आणि पाण्यात पुन्हा चुकली होती.