सुपडीचा अर्धा तास

"सहाच्या मालगाडीले तिले मी पाह्यलं,"
तोताराम सांधेवाल्याची जबानी,
"रुळाकाठी कोळसे वेचत व्हती."
कचेरीच्या शिपायाने मात्र पावणेसहालाच
ती घरात मेलेली पाहिली,
गळ्यावर दोरीचा वळ.

भुसावळभर भुताची गोष्ट झाली.
मग कारकुनाला आठवलं:
स्टेशनात मद्रासची वेळ,
कचेरीत मुंबईची,
मधे अर्धा तास.
फौजदाराने टाक पुसला.

पण परातीत
कळण्याच्या पिठाचे दोन गोळे,
एकट्या बाईच्या घरात.
चुलीत विस्तव नाही,
कोळसे ओच्यातच.
तवा न तापता
भाकरीचं पीठ कोण मळतं?
शेजारीण हे बोलली दारातूनच;
तिला कोणी आत बोलावलं नाही.

पंचनाम्यात एवढंच:
पीठ, भिजवलेलं,
अंदाजे अर्धा शेर.