केबल जोडलेली नाही

मे महिन्यात आमच्या खोऱ्यात रात्र होत नाही,
नुसता उजेड जरा फिका पडतो
आणि मेंढ्या वितात.
म्हणून घर ते मेंढवाडा साठ पावलं चर खणून
मी केबल पुरली. कुदळीनं.
निघालेले दगड अजून तिथेच पडलेत.
तिकडे कॅमेरा, इकडे स्वयंपाकघरात कॉम्प्युटर.
तीन वाजता उठायचं, माउस हलवायचा, बघायचं
कोण अडलीय, कोण नुसतीच रवंथ करतेय,
आणि परत पांघरुणात.
अशी योजना होती.

माउस हलवला की पडदा उजळतो.
घड्याळ बरोबर, तारीख बरोबर,
ट्रॅक्टरचा गेल्या सालचा फोटो जागच्या जागी,
आणि कोपऱ्यात बारीकशी लाल फुली:
केबल जोडलेली नाही.
अरे, जोडलेली आहे. ही काय, हातात धरलीय मी.
झोपेतून उठल्यावर तो सगळ्यांना ओळखतो,
फक्त हिला नाही.

काढली, फुंकली, परत खुपसली. टक् वाजलं.
त्या भोकापाशी दोन दिवे असतात, हिरवा आणि पिवळा.
दोन्ही मेलेले.
पूर्ण बंद करून चालू केला तर मात्र लुकलुकतात,
पाहुण्यांसमोर वागतात तशा शहाण्या पोरांसारखे.
रात्री तो परत झोपला,
तीनला ये रे माझ्या मागल्या.

एकोणीस वर्षं मी ट्रॉलरवर इलेक्ट्रिशियन होतो.
जळणारी वायर वासावरून ओळखायचो.
इथे वास नाही.
अकुरेरीहून नवी केबल आणली,
ड्रायव्हर नवा घातला, जुना घातला, परत नवा.
वेग हजारावरून शंभरावर आणला,
म्हटलं, तुम्ही दोघं ठरवत बसू नका, मी ठरवतो.
दुकानातला ओडगेर म्हणाला, झोपूच देऊ नका त्याला.
पण पंख्याची घरघर,
आणि भिंतीपलीकडे वडिलांची खाट.
त्यांची झोप आधीच उसनी आणलेली.

अकरा तारखेला स्टेनव्हर बुटांसकट आत आली.
ग्राउनाला जुळं झालं होतं. दुसरं उलटं आलं.
तेव्हा मी इथे बसून
लाल फुलीकडे बघत होतो.
बहीण काही बोलली नाही. नळाखाली हात धरले,
कोपरापर्यंत, खूप वेळ,
पाणी स्वच्छ उतरायला लागलं तरी.

त्या दुपारी मी एकेक खिडकी उघडत खाली खाली गेलो,
माणूस सहसा जात नाही तिथवर:
कार्डाचं नाव, त्याचे गुणधर्म, शेवटचं पान.
एक चौकोन. त्यात बरोबरची खूण.
वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद होऊ द्यावे.

खूण माझीच.
जानेवारीत, बिल आलं त्या संध्याकाळी,
अशा खुणा करत सुटलो होतो,
आणि वर स्टेनव्हरला हाक मारून म्हणालो होतो,
बघ आता किती वाचतंय ते.

सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात.
ह्याचं सोंग नव्हतं.
दार लावून घे, मी सांगितलं होतं,
त्यानं लावलं,
आणि उठल्यावर दार कुठे होतं तेच विसरला.

खूण काढली.
रात्री कॉम्प्युटर झोपला, पंखा थांबला,
आणि पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून,
पिवळा दिवा एकटाच जागा.
मोजत बसलो. तीन सेकंदांनी एकदा. कधी चार.

तीन वाजता माउस हलवला. मेंढवाडा लगेच आला.
स्टेनव्हर तिथेच होती,
पालथ्या बादलीवर बसलेली.
झालं दुरुस्त, असं मी तिला जेवताना सांगितलं होतं.
ती म्हणाली होती, बरं.
ग्राउनाचं उरलेलं कोकरू
तिच्या कोटाचं टोक चघळत होतं.
तिनं वर कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि हात उचलला.
मला, की माशीला, कळलं नाही.
मीही उचलला.
मग कॉफी थर्मासात ओतली
आणि बूट शोधायला लागलो.