दर किती किलोमीटरला

पुस्तिकेत छापलंय : दर दहा हजार किलोमीटरला.
पुस्तिका जपानी. आयझिरेकने पानावर मोबाइल धरला,
अक्षरं जरा थरथरली आणि किर्गीझ झाली,
निम्मी तरी.
खाली मुंगीएवढी टीप :
खडतर वापर असल्यास निम्म्या अंतरावर.

खडतर म्हणजे काय, तेही दिलंय.
धूळ. चढ. कडाका.
इंजिन तापायच्या आत संपणारे प्रवास.
ठासून भरलेली गाडी.
वाचता वाचता मला हसू फुटलं.
कुठल्याशा जपानी टेबलाशी बसून कुणीतरी
नारीन ते आत-बाशी हा माझा रस्ता
न बघताच लिहून ठेवला होता.

तालाय मॉस्कोहून दर रविवारी फोन करतो.
आई कशी आहे, हे नंतर.
आधी, तेल कधी बदललंस?
उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच,
फक्त त्याचा उंट म्हणजे गोदामातला लोखंडी घोडा
आणि माझी शेळी उजव्या स्टिअरिंगची,
ओव्हरटेक करताना डावीकडच्या प्रवाशाला विचारावं लागतं,
समोरून काही येतंय का हो?

गाडी घेतली तेव्हा मीटरवर एक्याण्णव हजार होते.
केनेश-आकेंनी मीटर पाहिलाच नाही.
वाकून पेडलचं रबर पाहिलं, सीटची कड चाचपली.
"दोन लाख तरी चाललीय, पोरी.
आकडा अर्ध्या तासात मागे जातो,
रबराला पालवी फुटत नाही."

मग दहा हजार मोजायचे कुठून?
निम्मे तरी कशाचे?

केनेश-आके पट्टी बाहेर ओढतात,
तेलाचा थेंब अंगठ्या-बोटात चोळतात, हुंगतात.
काळं झालं म्हणून घाबरू नकोस,
काळं झालं म्हणजे कामाला लागलंय.
खरखरलं की ये.
तालाय म्हणतो, त्याचंही पोट आहे, तो बदलच म्हणणार.
पण या माणसाने मला दोनदा परत पाठवलंय,
चहा पाजून.

तेल, फिल्टर मिळून साडेतीन हजार सोम.
म्हणजे तेवीस माणसं आणि एक बकरी.
ऑक्टोबरात तेवढे जमले होते,
आयझिरेकच्या बुटांत गेले.
नोव्हेंबरात जमलेच नाहीत.
आणि रविवारी त्याने विचारलं तेव्हा
माझ्या तोंडून निघालं, झालं की बदलून.
इतकं सहज, की मलाच ऐकू आलं :
मीही आकडा मागे फिरवला.

डिसेंबरात उणे एकतीसला सकाळी
इंजिनाने असा आवाज केला,
जसं कुणी अंधारात डबा भरून खिळे हलवतंय.
मागे तीन शिक्षिका बसलेल्या, एकीच्या मांडीवर वह्यांचा गठ्ठा.
कुणी काही बोललं नाही.
त्या दिवशी मी भाड्याचे पैसे घरी न नेता
सरळ केनेश-आकेंच्या पत्र्याखाली गेले.
तेल खाली आलं ते आलं नाहीच आधी,
मग करपलेल्या गुळासारखं, सावकाश.
त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

दाराच्या आतल्या चौकटीवर आता पेन्सिलीने लिहिते :
तारीख, आकडा जसा असेल तसा, गोल न करता.
तो आकडा खोटाच आहे,
पण इथून पुढचा माझा आहे.
पहिल्या बर्फाआधी एकदा, नदी सुटल्यावर एकदा,
आणि मधे, बोटाला लागेल तेव्हा.

रविवारी तालायला सगळं सांगितलं.
व्हिडिओत तो बराच वेळ अडकल्यासारखा दिसला.
मग म्हणाला, दाढ दुखतेय,
मार्चपासून.
म्हटलं, खडतर वापर आहे तुझा,
निम्म्या अंतरावर दाखवायला हवं होतं.
तो हसला,
एकाच गालाने.