चार बोटं

ऑपरेशनला जाताना तैसिया रोदिओनोव्हनानं
किल्ली माझ्या हातावर ठेवली
आणि एक कागद,
ट्रॉलीबसच्या जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर
पेन्सिलीनं लिहिलेला.
सत्तावीस वर्षं ती सहा नंबरची गाडी चालवत होती.
अक्षरही तसंच, थांब्याथांब्यानं.

मी येफिम. खालच्या मजल्यावरचा. बेकरीत रात्रपाळी.
दर हिवाळ्यात ती रेडिएटरवर ओले टॉवेल वाळत घाली,
हवा कोरडी पडू नये म्हणून;
त्यांचं पाणी ओघळून माझ्या छतावर
एक पिवळट डाग उमटला होता.
त्यावरून आमचं दोनदा वाजलंही होतं.
तरी किल्ली मलाच का, हे मी विचारलं नाही.

मार्च सुरू झालेला. ओनेगा सरोवर अजून दगडासारखं.
खिडकीत दुधाचे कापलेले खोके,
त्यात टोमॅटो, वांगी, ढोबळी मिरची,
वर ताणलेलं प्लास्टिक, आतून घामेजलेलं.
गुलाबी दिव्याखाली ती खिडकी
एखाद्या जत्रेतल्या दुकानासारखी दिसायची.
मागं चॉकलेटची चांदी चिकटवलेली,
उजेडाचा एक कणही भिंतीला फुकट जाऊ नये म्हणून.

कागद म्हणत होता:
दिवसातून दोनदा प्लास्टिक उचल, दहा मिनिटं.
थेंब पुसून परत झाक.
माती बोटानं बघ, डोळ्यानं नको.

बाहेर उणे एकोणीस.
एवढ्याशा जिवांवरचं पांघरूण काढायचं?
मी नाही काढलं.
वर रोज सकाळी कामावरून आल्यावर
पिठाच्या हातांनी पाणी घातलं, थोडं जास्तच.

चौथ्या दिवशी मिरच्या झोपल्या.
मातीलगत देठ काळा, दोऱ्याएवढा बारीक,
वर दोन पानं अजून हिरवी,
त्यांना काही कळलंच नव्हतं.
कागदाच्या कडेला, उभ्या ओळीत, सापडलं:
काळा पाय आला तर रडत बसू नकोस. माती फेक.

दवाखान्यात फोन केला.
"किती गेल्या?"
"अठरा."
पलीकडे कुणाची तरी चमचा ढवळण्याचा आवाज.
मग ती म्हणाली, "आणि टोमॅटो?"

टोमॅटो होते. पण नुसते ताडमाड,
पांढुरके, दिव्याकडे माना ताणलेले.
दिवा मी वर टांगला होता, भाजतील म्हणून.
"चार बोटं," ती म्हणाली. "पानापासून चार बोटं.
वाढतील तसा दिवा वर ने, आधी नाही.
आणि दहाला बंद कर. त्यांनाही रात्र लागते."

त्या रात्री साडेनऊला कामावर निघायचं होतं.
दहापर्यंत थांबलो.
दिवा बंद केला तेव्हा खिडकीत
समोरच्या छतांवरचा बर्फ एकदम निळा झाला.
उशिरा पोचल्याबद्दल मुकादमानं पगारातून कापलं,
कारण विचारलं, तर मी म्हटलं, घरी लहान आहेत.

शेवटची ओळ मी बरेच दिवस टाळत होतो.
रोज तळहात वरून फिरव, वाऱ्यासारखा.
खोलीत वारा नसतो, देठ आळशी होतात.
कोणी बघत नाही ना, हे पाहून
मी हात फिरवला.
बोटांना बराच वेळ
टोमॅटोच्या पानांचा तो उग्र वास येत राहिला,
कणीक मळतानाही.

ती काठी टेकत परत आली.
कोट न काढता थेट खिडकीशी गेली,
ओठ हलवत मोजलं,
एक रोप चिमटीत धरून हलवून पाहिलं.
"जाड झालंय," एवढंच.
आणि रिकाम्या खोक्यांकडे बघत,
"मिरच्या पुन्हा पेरू. उशीर झालाय, पण पेरू."

छतावरचा माझा डाग यंदा वाढला आहे,
आता त्याला एक शेपूटही आहे.
तक्रार करता येत नाही.
टॉवेल मीच भिजवले होते.