माउंटखाली

तांडेल चित्र आणायचे वर्तमानपत्रात गुंडाळून,
पापलेट बांधतात तसं, शेपटीकडून घडी घालत.
ठाकूरद्वारच्या माझ्या दुकानात स्टूल एकच.
त्यावर बसायचे, पट्टीवरून अंगठा फिरवायचे:
"सागवान आहे, की सागवानाचा मेहुणा?"

लोकांना चित्र दिसतं खिडकीतून मावेल तेवढं.
फ्रेमवाल्याला कडा ठाऊक असतात.
माउंट कापताना एकतीस वर्षं मी वाचत आलो
त्यांची पेन्सिलीतली मुंगीएवढी अक्षरं:

"शिवडी. ओहोटी सात दहा. डावा पाय गुडघ्यापर्यंत रुतला."
"रोहित एकशे चाळीस. मग उडाले."
"हा करडा खोटा."
त्याखाली, दुसऱ्या दिवशीच्या पेन्सिलीनं:
"हाही."
"आईचं डोळ्याचं औषध. दादरहूनच."

आई वेसाव्याची. पाटी घेऊन बसायची बाजारात.
पोरगा शेजारी, कोळशानं फरशीवर मासे काढायचा.
ती म्हणे, आधी बोंबील जमव, मग वाघाच्या गोष्टी.
बोंबिलाला रंग नसतो रे, नुसती ओल असते.
आणि डोळा बघ. डोळा ताजा नसेल
तर गिऱ्हाईक थांबत नाही.

पुढे नोकरी लागली संग्रहालयात.
पेंढा भरलेल्या जनावरांच्या मागे रान रंगवायचं.
तेवीस वर्षं. सांबरामागे साग, गव्यामागे धुकं,
वाघामागे गवत, गवत, आणि पुन्हा गवत,
कारण दर पावसाळ्यात भिंतीला ओल धरायची.
वाघाचे डोळे काचेचे, एक जरासा वर बघणारा.
"शिळा माल," तांडेल म्हणायचे, आणि पुढे काही नाही.

एकदा पंपांच्या कंपनीनं कॅलेंडर मागितलं.
वाघ हवा, जबडा उघडा, दात मोजता आले पाहिजेत.
पैसे बरे होते. भाचीचं लग्न होतं.
ते चित्र मीच मढवलं, साहेबाच्या केबिनसाठी, सोनेरी पट्टीत.
कडेला लिहिलं होतं:
"जांभई देतोय. कुणाला सांगू नका."
सांगितलं नाही. आज सांगतो.

मग आरे. सोनू वरठाच्या ओळखीनं
तबेल्याच्या पत्र्यावर चार रात्री.
चौथ्या रात्री बिबट्या आला, म्हशींच्या हौदावर पाणी प्यायला,
मान वर केली, बघितलं,
आणि दखल न घेता पुन्हा प्यायला.
ही "दखल न घेता" तांडेल हळू म्हणायचे,
बक्षीस मिळाल्यासारखी.

रंगवला फक्त हौद.
पाण्यावर एक वर्तुळ, अजून न मिटलेलं,
आणि अकरा म्हशींच्या माना एकाच दिशेला.
प्रदर्शनात एका बाईंनी विचारलं, "यात बिबट्या कुठाय?"
"आत्ताच गेला," म्हणाले.
चित्र परत आलं. जागा नाही म्हणून माझ्याकडे ठेवलं.
बिलबुकांच्या वर लटकतंय, किमतीची चिठ्ठी पिवळी पडली.
उन्हाळ्यात कधी कधी मी त्या पाण्याकडे बघतो.

परवा भाची आली, कुंदा. महिना झाला त्यांना जाऊन.
वर्तमानपत्राची घडी तशीच, शेपटीकडून.
उलगडलं तर मधे कागद कोरा.
मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशन पुढे ढकलत राहिले.
कडांवर मात्र फटकारे, चाळीसेक,
करडा, करडा, निळसर करडा, शेणासारखा एक,
आणि अक्षरं वाकडी, एकमेकांवर चढलेली:
"पंखांचा आवाज येतोय. ओहोटी असावी."
एका फटकाऱ्याखाली रेघ मारलेली. दोनदा.
शेजारी "खोटा" लिहिलेलं नाही.

"कापा ना," कुंदा म्हणाली, "नेहमीसारखं दोन इंच."
सुरी हातात. पट्टी कुठे ठेवायची?

माउंट लावला नाही.
काच थेट कागदावर टेकवली.
असं करू नये, पोरांना मीच शिकवतो:
मुंबईची हवा, दोन वर्षांत बुरशी येते.
येईल.
करडीच असते तीही.