नदी सकाळी लहान असते

रुशानपासून काराकुलपर्यंत
नकाशात एक बारीक तुटक रेघ.
बाबा म्हणतात, रेघेचं सोड,
तुटक आहे तेवढं खरं.

स्वयंपाकघरातल्या मेणकापडावर
त्यांनी अख्खं बार्तांगचं खोरं मांडलंय:
चमचे म्हणजे पूल. चार, त्यातला एक वाकडा.
साखरेचे खडे म्हणजे रात्री दार उघडतील ती घरं.
आणि सांडलेला चहा पुसू नकोस,
तो गुदाराच्या पुढचा ओढा.
"नदी सकाळी लहान असते.
दुपारी वरचं बर्फ सुटतं आणि ती वयात येते.
दहाच्या आत ओलांडायची. नाही जमलं तर अलीकडेच मुक्काम.
तिच्याशी हुज्जत घालायची नाही."

मी वहीत लिहिते:
क्लचची केबल, दोन. स्पोक. ट्यूब. सुई-दोरा.
कार्ब्युरेटरचा लहान जेट,
वर इंजिनालासुद्धा धाप लागते म्हणून.
पेट्रोल, टाकी भरून, शिवाय दोन कॅन.
बासिद सोडलं की पंप नाही,
मिळालंच तर शाकरबेगच्या गोठ्यात, लोणच्याच्या बरणीतून,
भाव गिऱ्हाइकाचा चेहरा बघून.

आईची यादी वेगळी.
सावनोबच्या मावशीचा चष्मा.
गुदाराच्या मास्तरांना रक्तदाबाच्या गोळ्या, तीन महिन्यांच्या.
काराकुलच्या तोक्तोबूबूला वाळवलेली तुतं, दोन किलो.
"तिच्याकडे झाडच नाही गं, एकही."
तंबूच्या जागी तुतं बसली.
मी काही बोलले नाही.

मोटरसायकल दादाची, जुनी इझ.
तो मॉस्कोत लोकांची पार्सलं पोचवतो.
फोनवर म्हणाला, तिसरा गिअर हट्टी आहे,
लाथ नको घालूस, जरा थांब, मग घे.
त्यानंतर रेंज होती,
पण तो बोलत नव्हता.

बाबा या वाटेनं पिठाचा ट्रक न्यायचे.
आता गुडघे जिना चढू देत नाहीत,
पण वळणाचं सांगताना उजवा हात
अजून नसलेला गिअर बदलतो.

रात्री हिशेब तपासला.
जाण्याचं पेट्रोल बसतंय. येण्याचं लिहिलेलंच नाही.
विचारलं, तर चमचे गोळा करता करता म्हणाले,
"येताना सगळा उतारच की."

मग एक चमचा हातात धरून थांबले. वाकडा तो.
"हा पूल गेल्या वर्षीच वाहून गेला.
सवयीनं मांडला."

मी वहीत चाराचे तीन केले.